एकच तर पिशवी

दळणमावशींच्या खोलीत शिरायचं म्हणजे आधी अंगावरचं सगळं लोखंड दारात उतरवायचं. किल्ल्या, घड्याळ, केसांतल्या पिना, पट्ट्याचं बक्कल, झाडून सगळं. दाराशी एक निळा प्लास्टिकचा ट्रे होता, त्यात ते ठेवायचं, मावशींनी दिलेल्या पांढऱ्या प्लास्टिकच्या सपाता पायात घालायच्या, आणि मगच आत. एकदा खुद्द मोठे साहेब पाहुण्यांना घेऊन आले. मावशी दारात आडव्या.

"साहेब, बक्कल."

"अहो मावशी, पॅन्ट खाली येईल."

"मग एका हातानं पॅन्ट धरा आणि दुसऱ्या हातानं पाहुण्यांना खोली दाखवा."

आणि साहेबांनी खरंच तसं केलं, बरं का! पुढे कितीतरी दिवस त्या गोष्टीवर ऑफिसात चहाचे कप रिकामे होत राहिले. दिवे दुरुस्त करायला येणारा इलेक्ट्रिशियन तर म्हणायचा, विमानतळावर सोडतील, पण या बाई सोडायच्या नाहीत.

एवढी कडक शिस्त कशासाठी, तर त्या खोलीत घेवड्याचे दाणे दळले जायचे. खायला नव्हे, तपासायला. ज्यांच्या ताटात रोज घेवडाच पडतो आणि दुसरं फारसं काही पडत नाही, अशा घरांतल्या बायकांचं आणि लेकरांचं रक्त कमी असतं. त्यांना फळं खा, मांस खा म्हणून सांगणं म्हणजे जखमेवर मीठ चोळणं. मग जो घेवडा ते खातातच, त्याच्या दाण्यातच लोह वाढवलं तर? या एका प्रश्नामागे केंद्रातल्या मॅडम आपली उमेदीची वर्षं घालवून बसल्या होत्या. कळी उमलायच्या आधी ती चिमट्यानं अलगद उघडायची, दुसऱ्या वाणाचे पराग लावायचे, खूण म्हणून दोरा बांधायचा, आणि शेंग धरायची वाट बघायची. असे कितीतरी संकर. प्रत्येकाचे मूठभर दाणे कागदी पिशवीतून मावशींकडे यायचे. मावशी ते धुवायच्या, वाळवायच्या, दळायच्या आणि इवल्याशा बाटल्यांत भरून शहरातल्या लॅबला पाठवायच्या. दाण्यात लोह ते असून असून असतं किती! डोळ्यांना दिसणारही नाही एवढं. त्यात पिनेचा एवढासा कीस पडला किंवा रस्त्यावरची धूळ उडाली, तरी भिकार वाण लखपती दिसायला लागायचं. म्हणून तर चक्कीसुद्धा आतून चिनीमातीची होती.

मावशींच्या स्वतःच्या घरात दळायचं म्हणून एक यंत्र नव्हतं, आणि नाव मात्र दळणमावशी. नवरा तरुणपणीच गेला. मुलगा पोटाशी धरून त्या या केंद्रात झाडलोट करायला लागल्या आणि हाताच्या स्वच्छतेवर या खोलीपर्यंत पोचल्या. मॅडम त्यांना नेहमी म्हणायच्या, "मावशी, माझे आकडे तुमच्या हातावर उभे आहेत." मावशी वरवर म्हणायच्या, "चला, काहीतरीच तुमचं!" पण घरी जाताना त्यांची पावलं हलकी पडायची.

तर अशा या मावशी. आणि त्यांच्याच हातून ते झालं.

चक्कीच्या भांड्याला तडा गेला होता आणि नवीन भांडं वाटेत कुठेतरी अडकून पडलं होतं. मॅडम बाहेरगावी मीटिंगला. त्यांचा फोन आला, "मावशी, शेवटची पेटी आज संध्याकाळच्या गाडीनं लॅबला जाऊ द्या हं. ही वेळ चुकली तर त्यांचं मशीन आपल्याला लवकर मिळायचं नाही." मावशी चिनीमातीचा खल घेऊन बसल्या. घेवड्याचा दाणा म्हणजे महा हट्टी, बत्ता मारला की उडून कोपऱ्यात. सकाळपासून कुटून कुटून मनगटं भरून आली. आणि नेमका त्याच दिवशी मुलगा 'ती'ला पहिल्यांदा घरी चहाला आणणार होता. किती दिवस नुसतं 'आणतो, आणतो' चाललं होतं त्याचं! घरात तिसरं माणूस नाही. पोरगी पहिल्यांदा दारात यावी आणि दाराला कुलूप असावं? काय म्हणेल ती? म्हणेल, सासू आत्ताच तोंड फिरवून बसली.

शेवटची एकच पिशवी उरली होती. फाटकाशी गाडीवाला हॉर्न वाजवत होता. त्या गाडीतून पेटी जायची होती, आणि तीच गाडी मावशींना घराच्या वळणाशी सोडायची. ती गेली की पायपीट.

पँट्रीत एक मिक्सर होता. कुणाच्या तरी निरोप समारंभाला ज्यूस करायला आणला होता, तेव्हापासून पडून होता. मावशींनी त्याचं भांडं खोलीतल्या शुद्ध पाण्यानं खळखळून धुतलं, पुसलं. पातं बघितलं. चांगलं चकचकीत होतं. स्टील आहे, त्यांनी मनाशी म्हटलं. स्टीलला कुठे गंज चढतो? गंज चढत नाही ते लोखंड कसलं! साहेबांना बक्कल काढायला लावणारी बाई हो, आणि स्वतःला असं समजावत होती. भर्रकन आवाज झाला आणि हट्टी दाण्यांचं क्षणात पीठ झालं. झाकणाच्या कडेला लालसर भुकटी राहिली, ती त्यांनी बोटानं पुसून घेतली. बाटली पेटीत, पेटी गाडीत, मावशी गाडीत. एकच तर पिशवी होती.

घरी पोचून त्यांनी चहाचं आधण ठेवलं तोवर दार वाजलं. पोरगी खुर्चीच्या कडेवर बसली, चहा प्यायली, पुन्हा मागून प्यायली, आणि तिथेच मावशींना आवडून गेली. "तुम्ही काय काम करता?" तिनं विचारलं. मावशींनी घेवडा, लोह, रक्त, सगळं रंगवून सांगितलं. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे तुमच्या हातून किती बायकांचं भलं होत असेल!" मुलगा म्हणाला, "झालं! आता आठवडाभर आईचे पाय जमिनीला लागत नाहीत."

लग्न झालं. ती सून होऊन घरात आली आणि घराला बोलणारं तोंड आलं. मावशी मिक्सर विसरून गेल्या. खरंच विसरल्या, त्यात खोट नाही. खोट पुढे आहे.

लॅबचे आकडे आले त्या दिवशी मॅडम धावतच खोलीत घुसल्या, पिनांसकट, घड्याळासकट. मावशी "अहो, अहो, ट्रे!" म्हणेपर्यंत त्यांनी मावशींना मिठीच मारली.

"मावशी, तांबडी! सगळ्यांच्या वर! आजवर एवढं लोह एकाही वाणात निघालं नव्हतं!"

तांबडी म्हणजे बारक्या, मळकट लाल दाण्याचं एक वाण. कुणाच्या खिजगणतीतही नव्हतं. मावशींच्या डोळ्यांपुढे मिक्सरचं झाकण आलं, आणि त्याच्या कडेची लालसर भुकटी. शेवटची पिशवी. तीच.

"मॅडम..." त्या म्हणाल्या.

पण मॅडम रडत होत्या. एवढी शिकलेली बाई, केंद्रात सगळे जिला वचकून असायचे, ती रुमाल विसरून बाहीनं डोळे पुसत होती. "मला वाटायला लागलं होतं, मावशी, की माझ्या हातून काहीच निघणार नाही," त्या म्हणाल्या. "जन्म वाया गेला असं वाटायला लागलं होतं."

आता अशा वेळी कोण बोलणार? बोलायला हवं होतं, हे सांगायला शहाणे पुष्कळ मिळतील. मावशी गप्प बसल्या. पुढच्या हंगामात पुन्हा तपासतीलच की, त्यांनी मनाला सांगितलं. आणि कशावरून मिक्सरमुळेच? असेलही तांबडीत लोह. दाणा बारका असला म्हणून काय झालं?

माणूस स्वतःची समजूत घालायला बसला की त्याच्यासारखा वकील नाही. मोठ्या वावरात तांबडी पेरली गेली. भरघोस आली. बियाणं बाजूला काढून उरलेले दाणे केंद्रातल्या लोकांना वाटले, आणि मावशींनी चांगली जड पिशवी घरी नेली. ती नेली यातच सगळं आलं. मनात काही नसतं तर त्यांनी ती इतक्या हौसेनं नेली नसती. तांबडी रोज आपल्या घरात शिजते म्हणजे ती खरीच आहे, असं त्यांना स्वतःलाच पटवायचं होतं. दोन्ही वेळच्या जेवणात घेवडा सुरू झाला. मुलगा कुरकुरला, "आई, आता मलाच शेंगा फुटतील." सून मात्र आवडीनं खायची. आपल्या सासूबाईंच्या केंद्रातलं धान्य आहे, हे ती शेजारणींना आवर्जून सांगायची.

मग तिला दिवस गेले. दवाखान्यात पहिल्याच तपासणीला नर्सबाई म्हणाल्या, रक्त कमी आहे, लोहाच्या गोळ्या चुकवायच्या नाहीत. त्या गोळ्यांनी पोरीचे हाल हाल झाले. पोट जड, तोंडाला लोखंडी चव, सकाळी गोळी घेतली की दुपारपर्यंत मळमळ. एका सकाळी ती मोरीच्या उंबऱ्याशी भिंतीला डोकं टेकून बसली होती. चेहरा पार उतरलेला. मावशींना बघवेना.

"राहू देत गं त्या गोळ्या," त्या म्हणाल्या.

"अहो आई, नर्सबाई रागावतील."

"नर्सबाईंना काय माहीत? आपली तांबडी दोन्ही वेळ पोटात जातेय ना तुझ्या? गोळीत आहे ते सगळं आहे त्यात. मी काय उगीच सांगतेय? माझ्या हाताखालून गेलंय ते."

सुनेनं त्यांच्याकडे बघितलं. तिची स्वतःची आई ती लहान असतानाच वारली होती. या घरात येईपर्यंत तिच्या दुखण्याखुपण्याचं असं कुणी बघितलं नव्हतं. "तुम्ही म्हणता तसं," ती म्हणाली आणि गोळ्यांची पाकिटं उचलून कपाटावर ठेवून दिली. दोन दिवसांत मळमळ थांबली, पोरगी हसायला लागली, आणि मावशींना वाटलं, बघा, तांबडी लागू पडली!

कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं थांबत नाही. नव्या हंगामातले दाणे तपासून आले. या वेळी चक्कीला नवीन भांडं होतं आणि मावशींनी सगळं दळण काटेकोर केलं होतं. तांबडीचा आकडा आला तो अगदी साधा. बाजारातल्या कुठल्याही घेवड्याचा असतो तेवढाच.

मावशी कागद हातात धरलेल्या मॅडमपुढे उभ्या होत्या. आता मॅडम बोलतील, आता विचारतील, आणि एकदाचं सुटू आपण, असं त्यांच्या मनात आलं. मॅडमनी विचारलं नाही. त्या कागदाकडे बघतच म्हणाल्या, "या वेळी पाणी कमी पडलं. जमिनीचा दोष असणार. पहिला आकडा तुमच्या खोलीतून आलाय, मावशी. तो चुकीचा असूच शकत नाही."

कुणी मुस्कटात मारली असती तर इतकं लागलं नसतं. मावशी मान खाली घालून दाराकडे वळल्या.

"आणि हो," मागून मॅडम म्हणाल्या, "प्रसूतीच्या दवाखान्याशी बोलणं झालंय. तिथल्या गरोदर बायकांना आपण तांबडी द्यायला सुरुवात करू. सोमवारी पोती पाठवायची आहेत. तुम्हीच निवडून द्या."

त्याच दवाखान्यात त्या आठवड्यात सुनेची तपासणी होती. मावशी बरोबर गेल्या. नर्सबाईंनी बोटाला सुई टोचली, रक्त बघितलं, आणि त्यांच्या कपाळावर आठ्या चढल्या. "हे काय? मागच्यापेक्षा खाली गेलंय! गोळ्या घेता ना रोज?"

मावशींनी सुनेकडे बघितलं. सुनेनं त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ नर्सबाईंना म्हणाली, "घेते ना. रोज घेते."

"मग असं कसं? मोठ्या डॉक्टरांना दाखवावं लागेल. दिवस भरत आलेत तुमचे. अशा रक्तावर बाळंतपण म्हणजे खेळ नाही."

रस्त्यात मावशी म्हणाल्या, "अगं, खोटं कशाला बोललीस?"

"तुम्हाला बोलल्या असत्या त्या," सून म्हणाली. "सगळ्यांसमोर. मला नसतं आवडलं."

घरी आल्यावर मावशींनी स्टूल ओढलं, कपाटावरची पाकिटं काढली, धूळ झटकली आणि तिच्यापुढे धरली. "उद्यापासून घे. मळमळलं तरी घे."

"पण का? तांबडी चालूच आहे ना?"

हीच ती वेळ होती. ओठांपर्यंत आलं होतं. तांबडीत काही नाही गं, जे होतं ते मिक्सरच्या पात्याचं होतं, आणि मला ठाऊक होतं. एवढं सांगायचं होतं. पण ती इतक्या विश्वासानं बघत होती की मावशींचा धीरच झाला नाही. "मी सांगते म्हणून," त्या म्हणाल्या. सुनेला वाटलं, नर्सबाईंच्या बोलण्यानं आई घाबरल्यात. तिनं उलट त्यांनाच धीर दिला. "काही होत नाही मला, बघा तुम्ही." सासू गुन्हेगार आणि सून तिची पाठ थोपटतेय! धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मावशींना झालं.

सोमवारी सकाळी गोदामात पोती उघडून ठेवलेली होती. मावशी निवडायला बसल्या. मूठभर लाल दाणे हातात घेतले आणि हात तसाच राहिला. कुठल्या कुठल्या घरातल्या बायका हे खातील. आपल्या सुनेसारख्याच त्याही गोळ्या कपाटावर ठेवून देतील, कारण मोठ्या केंद्रातून धान्य आलंय. मावशींनी दाणे पोत्यात टाकले आणि तडक मॅडमच्या खोलीत गेल्या. दार न वाजवता.

"मॅडम, तांबडी पाठवू नका."

"का?"

"त्यात लोह नाही. ती पिशवी मी खलात कुटली नव्हती. पँट्रीतल्या मिक्सरमध्ये काढली होती."

मॅडमचा चष्मा हातातच राहिला. "किती पिशव्या काढल्या अशा?"

"एकच."

"आणि तीच तांबडीची?"

"तीच. मला आकडे आले त्या दिवशीच कळलं होतं. तुम्ही रडत होता, माझ्यानं बोलवेना. मग पुढे... पुढे मी बोललेच नाही."

मॅडम उठून खिडकीशी गेल्या. बाहेर मोठं वावर दिसत होतं, सगळं पुन्हा तांबडीनंच भरलेलं. त्या ओरडल्या असत्या तर मावशींना बरं वाटलं असतं. त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "दोन हंगाम, मावशी. दुसरी चांगली वाणं मी बाजूला टाकली हिच्यासाठी. आणि मी तुमच्या खोलीवर शंका घेतली नाही. स्वतःच्या जमिनीवर घेतली."

मावशी उभ्याच होत्या. काढून टाका मला, असं म्हणायचं होतं, पण तेही सोंग वाटलं असतं.

मग मॅडम एकदम वळल्या. "तुम्ही घरी नेली होती ना ही? कोण खातंय?"

"सून." मावशी म्हणाल्या. "गरोदर आहे. मी तिच्या गोळ्या बंद केल्या होत्या."

"तिला सांगितलंत हे?"

मावशींनी मान हलवली. नाही.

"मग इथे काय करताय?" आता मात्र मॅडमचा आवाज चढला. "माझं वावर कुठे पळून जातंय? आधी घरी जा! जा म्हणते ना!"

मावशी घरी पोचल्या तर दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "अहो, कळा सुरू झाल्या तिला, दिवसांआधीच. मुलगा दवाखान्यात घेऊन गेला." जिन्यात पाण्याची बादली तशीच अर्धी भरलेली होती. सकाळी खोलीतून गोदामात जाताना बदलायच्या राहिलेल्या पांढऱ्या सपाता अजून पायात होत्या, ते मावशींना दवाखान्याच्या पायरीवर आल्यावर दिसलं.

बाळ झालं होतं. मुलगी, अगदी एवढीशी, काचेच्या पेटीत ठेवलेली. पण आईचं रक्त थांबत नव्हतं, आणि आधीच अंगात होतं ते किती! डॉक्टर आत, मुलगा बाहेर भिंतीला टेकलेला. रक्तपेढीतून बाटल्या आल्या होत्या, त्यांच्या बदल्यात घरच्यांनी रक्त द्यायचं होतं. मुलानं दिलं. मावशी बाही वर करून पुढे झाल्या. "माझं घ्या. हवं तेवढं घ्या. सगळं घ्या."

तिथल्या बाईंनी बोट टोचलं, थेंब तपासला, आणि बाही खाली ओढून दिली. "तुमचं चालणार नाही, मावशी. तुमचंच रक्त किती कमी आहे! चक्कर येत नाही का तुम्हाला? काय खाता?"

काय खाता! मावशींना हसू आलं की रडू, त्यांनाच कळलं नाही. सुनेच्या ताटात पडत होती तीच तांबडी दोन्ही वेळ त्यांच्याही ताटात पडत होती. लॅबच्या दुसऱ्या कागदावरचा खरा आकडा त्यांच्या बोटाच्या थेंबात निघाला होता. ज्या पोरीचं रक्त आपण आटवलं, तिला द्यायला आपल्याजवळ रक्तही नाही. त्या बाकावर बसल्या आणि पदरात तोंड घालून रडल्या. मुलाला वाटलं, बायकोच्या काळजीनं रडतेय. तो जवळ येऊन बसला तेव्हा त्यांना जास्तच रडू आलं.

थोड्या वेळानं कुणीतरी येऊन शेजारी उभं राहिलं. मॅडम होत्या. पोती येणार नाहीत हे दवाखान्यात सांगायला आल्या होत्या, तिथेच त्यांना सगळं कळलं होतं. बाहीची घडी कोपरापर्यंत, कोपरात कापसाचा बोळा. "दिलं मी," एवढंच त्या म्हणाल्या. रागावलेल्या होत्या, चेहऱ्यावर दिसत होतं, आणि तो राग काही एका दिवसात जाणारा नव्हता. मावशी त्यांचे पाय धरायला वाकल्या, तर त्या मागे सरकल्या. "ते नको. उद्या वेळेवर या. पहिल्यापासून सगळं दळायचंय. आणि दाराशी लावायला एक पाटी लिहून घ्या. काय घडलं ते तुमच्या शब्दांत. नवीन येणाऱ्या प्रत्येकानं वाचलं पाहिजे." आणि त्या निघून गेल्या.

दुपार कलली तेव्हा रक्त थांबलं. सुनेला वॉर्डात आणलं. चादर आणि चेहरा एका रंगाचे. मुलगा बाळाकडे गेला होता. मावशी पलंगाशेजारच्या स्टुलावर बसल्या. आता कुलूप नव्हतं, गाडी नव्हती, हॉर्न नव्हता. कुठलंच निमित्त उरलं नव्हतं.

"ऐक," त्या म्हणाल्या. "ऐकून झाल्यावर मला इथून जा म्हणालीस तर मी जाईन."

आणि त्यांनी सांगितलं. चक्कीचा तडा, खल, भरून आलेली मनगटं, मिक्सर, लालसर भुकटी. मॅडमची मिठी आणि आपलं गप्प बसणं. कपाटावर गेलेल्या गोळ्या. काही झाकलं नाही, स्वतःची बाजूही घेतली नाही. सून डोळे मिटून ऐकत होती. एकदा तिच्या डोळ्यांतून पाणी ओघळून कानात गेलं, तेव्हा मावशींनी पुसायला हात पुढे केला आणि मागे घेतला. तो हक्क आता आपला नाही, असं त्यांना वाटलं.

मग सून म्हणाली, "पण तुम्ही? तुम्ही तर साहेबांनाही सोडत नाही. मग त्या दिवशीच का?"

"घाई होती." मावशींना ते सांगायचं नव्हतं. पण आता काही ठेवायचंही नव्हतं. "त्या दिवशी तू पहिल्यांदा घरी येणार होतीस. चहाला. गाडी चुकली असती तर मला यायला उशीर झाला असता. तू दारात यायचीस आणि दाराला कुलूप... तुला काय वाटलं असतं? तू परत गेली असतीस तर?"

सुनेनं डोळे उघडले. मग कोरड्या पडलेल्या ओठांनी, एकेक शब्द ओढत म्हणाली,

"मी थांबले असते हो, आई. पायरीवर बसून थांबले असते."

मावशींनी टेबलावरचं पाण्याचं भांडं उचललं, नर्सबाईंनी ठेवलेल्या पाकिटातून गोळी काढली, आणि सुनेनं तोंड उघडायची वाट बघत बसल्या.